चार बोटं

एक्सेटरच्या किल्ल्यातल्या कोर्टात
न्यायमूर्तींचा लेखनिक होतो मी. अठ्ठावीस वर्षं.
हंसाचं पीस, ओकच्या गाठींची शाई, आणि एकच शिस्त:
ते म्हणतील तेवढंच कागदावर.

माझे खापरपणजोबा बसले होते कधीतरी पंचांत.
तेव्हा पंच निवडत तेच मुळी माहीतगार म्हणून.
कुणाची मेंढी कुणाच्या कुंपणात शिरली,
कोण कुणाच्या बायकोशी कोठारामागे बोलतो,
हे ज्याला ठाऊक, तो शहाणा, तो बाकावर.
साक्षीदार हवाच कशाला? गावच साक्षीदार.
मग हळूहळू,
नेमकं कधी ते कुणी लिहून ठेवलं नाही,
सगळं उलटलं.
ज्याला काहीच ठाऊक नाही, तो बाकावर.
कोऱ्या पाटीसारखी बारा माणसं,
आणि पाटीवर काय उमटू द्यायचं
ते ठरवायला वर एक पांढरा विग.

त्या मार्चमध्ये डिगरी लस्कमवर घोडी चोरल्याचा आरोप.
घोडीची किंमत नऊ पौंड. शिक्षा दोराची.
त्याला स्वतःला शपथ नाही; आरोपीची जीभ
स्वतःकडेच कललेली असते म्हणे,
म्हणून बायबलावर त्याचा हात ठेवायचा नाही.
तो बोलला. बोलणं छताला लागून विरलं.

मग टॅमझिन हॉकडे. मोलकरीण.
धुणं धुऊन सोललेली बोटं कठड्यावर.
"माझ्या बाईसाहेब म्हणाल्या होत्या,
त्या रात्री डिगरी आमच्या विहिरीचा दोर..."
"थांब."
न्यायमूर्ती रागावले नाहीत. शिंक आवरावी तसं म्हणाले,
"तू पाहिलंस?"
"नाही. त्यांनी पाहिलं."
"मग त्यांना बोलव."
"त्या नाताळात वारल्या, साहेब."
"मेलेल्याला शपथ कोण देणार?
उलटे प्रश्न कोण विचारणार?
हे आपण ऐकलंच नाही असं पंचांनी समजावं."

पंचांनी ऐकलं होतं.
तिसऱ्या जागेवरच्या जेबेझ येओचा कान
बर्फातून आत आल्यासारखा लाल झाला होता.

माझी लेखणी 'बाईसाहेब'पर्यंत पोचली होती.
मी आडवी रेघ मारली.
खऱ्याखोट्यात चार बोटांचं अंतर म्हणतात,
डोळ्यापासून कानापर्यंत.
मी माझीच बोटं कानशिलावर ठेवून पाहिली.
शाईचा डाग उरला. दिवसभर कुणी सांगितलं नाही.

नियम वाईट होता, असं मी म्हणणार नाही.
दोनच वर्षांपूर्वी ग्रेस नॉर्थकॉट त्याच नियमानं सुटली.
गवताची गंजी तिनंच पेटवली, सगळं गाव सांगत होतं;
पाहिलं मात्र कुणीच नव्हतं.
जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवून खाली उतरला,
आणि बोटं फिरत फिरत
निघाली तिथंच परत आली.
त्या संध्याकाळी घरी जाऊन
मी मुलांना पावावर मध दिला होता.

बाराजणांना कोंडलं. जेवण नाही, शेकोटी नाही,
मेणबत्तीसुद्धा नाही. तोही नियमच.
अंधारात कुणी काय विसरायचा प्रयत्न केला,
देव जाणे.
जिन्यावर पावलं वाजली तेव्हा येओ सर्वांत मागे होता,
आणि फोरमनला एकच शब्द उच्चारायचा होता.
त्यानं तो उच्चारला.

मी कागद बांधून बाहेर आलो
तर दगडी पायऱ्यांवर टॅमझिन.
रडत नव्हती. वाण्याला हिशेब विचारावा तसं तिनं विचारलं,
"माझ्या बाईंचं बोलणं लिहिलंत का?"
अर्धं, मी म्हणालो. मग खोडलं.
"अर्धं म्हणजे कुठवर?"
'बाईसाहेब'पर्यंत.
"म्हणजे आल्या होत्या तर कोर्टात," ती म्हणाली,
हनुवटीखालची टोपीची गाठ घट्ट केली,
आणि धुक्यात उतरून गेली.